काचबिंदू आणि डायलिसिस एकत्र: डोळ्याचा दाब मोजायचा कधी?

मार्चमधला दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक वर्षी त्याच आठवड्यात जागतिक काचबिंदू सप्ताहही येतो. मोठ्या रुग्णालयांत दोन्हींचे फलक लागतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. ज्यांना दोन्ही आजार आहेत त्यांना हा जिना एकट्यानेच चढावा-उतरावा लागतो. वर नेत्रतज्ज्ञ सांगतात, 'दाब आटोक्यात आहे.' खाली किडनीचे डॉक्टर सांगतात, 'डायलिसिस व्यवस्थित चाललंय.' दोघांचंही खरं असतं. तरी खुर्चीवर तिसरा तास लागला की डोळा ठणकायला लागतो.

या दोन आजारांच्या कात्रीत सापडलेल्या वाचकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. डायलिसिसमुळे काचबिंदू वाढतो का? त्या दिवशी थेंब घालायचे की नाही? डोळा दुखला तर डायलिसिस मध्येच थांबवायचं का? घरात जुनी डायमॉक्सची गोळी आहे, ती घेऊ का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देणं बरं, कारण त्यात धोका सगळ्यांत मोठा आहे: घेऊ नका. कारण पुढे येईलच.

ओपीडीतला आकडा पुरेसा का नाही

डोळ्याच्या आत सतत एक पाणीदार द्रव तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातो. या द्रवाचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. काचबिंदूत ही जाळी मोरीच्या जाळीसारखी तुंबते, दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी जपायची असते.

डायलिसिसचं मशीन चार तासांत रक्तातला युरिया झपाट्याने खाली आणतं. डोळ्यातला युरिया मात्र तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. त्यामुळे काही काळ डोळ्यात युरिया जास्त आणि रक्तात कमी अशी स्थिती होते आणि पाणी डोळ्याकडे ओढलं जातं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डायलिसिस नवं होतं तेव्हा, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच, रुग्णांचे डोळे मोजून ही वाढ नोंदवली होती. त्याच वेळी मशीन शरीरातलं जादा पाणीही काढत असतं. त्याने रक्त दाट होतं आणि पाणी उलट डोळ्यातून रक्ताकडे खेचलं जातं. म्हणजे एकाच खुर्चीवर दोन उलट्या ओढी चालू असतात. त्यामुळेच नंतरच्या अभ्यासांत कुणाचा दाब वाढलेला, कुणाचा कमी झालेला, तर कुणाचा जैसे थे आढळला.

निरोगी डोळ्याला याचं फारसं काही वाटत नाही, आलेलं जादा पाणी जाळीतून निघून जातं. जाळीच तुंबलेली असेल तर ते जाणार कुठे? वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत, ज्यांचा दाब डायलिसिसच्या शेवटच्या तासांत तिशी-चाळिशीत जायचा आणि नंतर आपोआप उतरायचा.

आता तुमची डोळ्यांची अपॉइंटमेंट आठवा. ती डायलिसिस नसलेल्या दिवशीच असते, कारण डायलिसिसच्या दिवशी अंगात त्राण नसतं. त्या दिवशी दाब भरतो १६ आणि कागदावर 'नियंत्रणात' असा शेरा पडतो. तो आकडा खोटा नाही, पण तो त्या दिवसापुरता आहे. दाब नियंत्रणात दिसत असूनही प्रत्येक तपासणीत नजरेचा घेर आक्रसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारा: 'डायलिसिस चालू असताना मोजून पाहूया का?'

कुणी जास्त सावध राहायचं

- ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद आहे, म्हणजे कागदावर 'अँगल क्लोजर' किंवा 'नॅरो अँगल' असं लिहिलंय.
- मधुमेहामुळे पडदा खराब होऊन डोळ्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत ते. डायलिसिसवरच्या बऱ्याच रुग्णांची किडनी मधुमेहानेच गेलेली असते, त्यामुळे हा गट लहान नाही.
- नुकतंच डायलिसिस सुरू झालेले. पहिल्या काही वेळा युरिया खूप चढलेला असतो, म्हणून तो वेगाने खाली येतो. सुरुवातीची सत्रं दोन-अडीच तासांची ठेवतात ती याचसाठी.
- मधले एक-दोन डायलिसिस चुकवून आलेले. त्यांची गत पहिल्यांदा येणाऱ्यासारखीच होते.
- डायलिसिसमध्ये ज्यांचं बीपी वारंवार कोसळतं ते.

शेवटच्या गटाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथे डोळ्याचा दाब न वाढताही नुकसान होतं. डोळ्याच्या नसेला रक्त पोचतं ते अंगातल्या बीपीच्या जोरावर आणि डोळ्याचा दाब त्याला आतून विरोध करत असतो. बीपी ८०वर आलं आणि डोळ्याचा दाब २४ असला, तर नसेपर्यंत रक्त पोचणं अवघड. डायलिसिसनंतर सकाळी उठल्यावर एका डोळ्याचा वरचा किंवा खालचा भाग अचानक, न दुखता काळा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तसं झालं तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डोळे दाखवा. बीपीची गोळी रात्री घेत असाल तर तेही दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत बीपी आधीच उतरतं, त्यात गोळीची भर पडते.

दोन डायलिसिसच्या मधे किती वजन वाढू द्यायचं याचा संबंध थेट डोळ्याशी आहे तो असा. एका तासात, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरहून जास्त पाणी काढणं टाळावं, असा एक संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला चार तासांत हे साधारण तीन लिटर भरतं. तुम्ही साडेचार लिटर घेऊन आलात, तर एक तर ते पूर्ण निघणार नाही, नाही तर काढताना बीपी पडेल.

दाब मोजून घ्यायचा कसा

खुर्चीवर बसल्या जागी दाब मोजणारी छोटी हातातली यंत्रं आता मिळतात. त्यातल्या 'रिबाउंड टोनोमीटर'ची हलकीशी सुई बुबुळाला टिचकी मारून मागे येते. डोळा बधिर करायचे थेंब लागत नाहीत आणि काम काही सेकंदांत होतं. डोळ्यांची शिबिरं घेणाऱ्या नेत्ररुग्णालयांकडे हे यंत्र असण्याची शक्यता जास्त. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली आणि डायलिसिस केंद्राने परवानगी दिली तर त्यांचा तंत्रज्ञ येऊन मोजू शकतो.

- एका सत्रात तीनदा मोजा: सुई टोचण्याआधी, दोन तासांनी आणि संपायच्या सुमारास.
- दर वेळी दोन्ही डोळे मोजा. बऱ्याचदा दाब एकाचाच वाढतो.
- शक्य असेल तर आठवड्यातल्या मोठ्या सुट्टीनंतरच्या सत्रात मोजा. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर सोमवारी, कारण त्या दिवशी पाणी आणि युरिया दोन्ही सर्वाधिक असतात.
- यंत्र केंद्रावर येणं शक्य नसेल, तर डायलिसिस संपल्या संपल्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे पोचा. हा दुय्यम पर्याय आहे. जितका उशीर, तितका दाब उतरलेला.

वजन आणि बीपी केंद्रावर लिहितातच, त्याच ओळीत डोळ्याचं लिहायची सवय लावा. नोंद कशी असावी याचा नमुना: 'सोमवार. आधी वजन ५८.४, नंतर ५६.१. बीपी सर्वांत कमी १०० बाय ६०, तिसऱ्या तासाला. उजवा डोळा जड, दिव्याभोवती वलय, पावणेबारा ते एक. दाब उजवा १८, २७, ३१. डावा १५, १६, १६.' एवढी एक ओळ दोन्ही डॉक्टरांना पुरते. पाच मिनिटांच्या तपासणीत तोंडाने सांगितलेलं निम्मं राहून जातं.

खुर्चीवर डोळा दुखला तर

डायलिसिसमध्ये डोकं दुखणं, मळमळणं इतकं नेहमीचं आहे की सिस्टर पॅरासिटामॉल देतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण डोळ्याचा दाब चढला तरी हीच लक्षणं दिसतात. फरक तुम्हालाच सांगावा लागेल. एकेक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. एका डोळ्याने ते धूसर दिसतंय का? ट्यूबलाइटभोवती रंगीत कडं दिसतंय का? दुखणं एकाच डोळ्याच्या आत आणि त्याच बाजूच्या कपाळात आहे का? यातलं काहीही असेल तर 'डोकं दुखतंय' असं म्हणू नका, 'उजवा डोळा दुखतोय, काचबिंदू आहे' असं म्हणा. या पाच शब्दांनी पुढची हालचाल बदलते.

सिस्टर बीपी घेतील, डॉक्टर रक्ताचा वेग किंवा पाणी काढण्याचा दर कमी करू शकतील. बीपी पडल्यावर खुर्ची मागे झुकवून डोकं खाली घेतात. डोकं खाली गेलं की डोळ्याचा दाब वाढतो, पण त्या घडीला जीव पहिला. बीपी सावरल्यावर मात्र डोक्याकडची बाजू पुन्हा वर करून घ्या.

डोळा लाल, दगडासारखा टणक, असह्य ठणका आणि उलट्या, असं एकत्र आलं तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. डायलिसिस केंद्रावरून घरी न जाता थेट नेत्ररुग्णालय गाठा.

आणि डायलिसिस बंद? नाही. स्वतःहून तर नाहीच. पोटॅशियम चढलं की हृदय थांबू शकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. शिवाय सत्र चुकवल्यावर पुढच्या वेळी युरिया आणखी चढलेला असतो, म्हणजे ज्या भीतीने चुकवलं तेच जास्त जोरात होतं.

औषधं: कोणती चालतात, कोणती नाही

डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड. ती शरीराबाहेर पडते किडनीतूनच. किडनी बंद असताना ती रक्तात साठते, आम्लता वाढवते, आणि माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, कधी झटके येतात. घरच्यांना वाटतं, युरिया डोक्यात गेला. तातडीच्या वेळी नेत्रतज्ज्ञ ती गोळी किंवा मॅनिटॉलची सलाइन सहज लिहून देतात, कारण इतर रुग्णांत तोच नेहमीचा उपाय आहे. मॅनिटॉल लघवीवाटे निघतं. लघवीच होत नसेल तर ते रक्तातच राहून पाणी ओढत राहतं आणि धाप लागते. म्हणून कोणत्याही नेत्ररुग्णालयात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य 'मी डायलिसिसवर आहे' हे असावं. कुठलाही उपचार सुरू होण्याआधी. डोळ्याचा दाब उतरवायला तोंडाने घ्यायचं ग्लिसरीनही मधुमेहींना साखर चढवतं.

थेंबांचं काय?

- लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट: रोज रात्री एकदा. किडनीच्या दृष्टीने हे सोयीचे मानले जातात.
- टिमोलॉल: नाकाच्या बाजूने रक्तात उतरतं, नाडी आणि बीपी कमी करू शकतं. दमा असेल तर टाळतात. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड झाकून टाकतं.
- ब्रिमोनिडिन: झोप येते, बीपी उतरू शकतं आणि तोंडाला कोरड पडते. पाणी मोजून पिणाऱ्याला ही कोरड छळते. मग पाणी जास्त जातं, वजन वाढतं.
- डॉर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड: ही डायमॉक्सचीच भावंडं. किडनी फारच कमकुवत असेल तर वापरू नयेत अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. तुमच्या मिश्र थेंबांत ती आहेत का, ते बाटलीवर बघा आणि विचारून घ्या.

डायलिसिसच्या दिवशी थेंब बंद करायचे नसतात. टिमोलॉल सकाळी घालायचं की खुर्चीवरून उठल्यावर, एवढंच विचारायचं. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, औषध रक्तात कमी उतरतं. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. लॅटॅनोप्रोस्टच्या बऱ्याच ब्रँडच्या बंद बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात २५ अंश ही फक्त कल्पना असते, म्हणून उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

सर्दीच्या काही गोळ्या अरुंद कोनाच्या डोळ्यात दाब चढवतात. औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नका.

मशीनमध्ये आणि डोळ्यात काय बदलता येतं

दाब खुर्चीवर वाढतो हे कागदावर सिद्ध झालं की पर्याय बरेच आहेत, आणि ते बहुतेक किडनीच्या डॉक्टरांच्या हातात आहेत. रक्ताचा वेग कमी करून तास वाढवणं हा सर्वांत साधा. चारचे पाच तास झाले तर कंटाळा येतो खरा, पण युरिया सावकाश उतरतो. डायलिसिसच्या द्रावणातलं सोडियम किंवा ग्लुकोज बदलणं, सत्र चालू असतानाच ग्लुकोज किंवा मॅनिटॉल देणं, असेही उपाय करून पाहिलेले आहेत. इथे मॅनिटॉल मशीनच बाहेर काढतं, म्हणून तो निर्णय फक्त डायलिसिसच्या डॉक्टरांचा. बीपी पडत असेल तर द्रावण थोडं थंड ठेवतात. हुडहुडी भरते, शाल घेऊन जा. काहींना हिमोडायफिल्ट्रेशन सोसतं. पोटाचं डायलिसिस दिवसभर संथ चालतं, त्यामुळे युरियाचे असे चढउतार होत नाहीत. फक्त त्यासाठी घरी स्वच्छ जागा आणि हात-डोळे नीट असलेला माणूस हवा. नजर अंधूक असलेल्या रुग्णाने पिशव्या एकट्याने जोडू नयेत.

डोळ्याच्या बाजूने बघितलं तर अरुंद कोनासाठी लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडतात. ओपीडीतच, काही मिनिटांत. उघड्या कोनाच्या काचबिंदूत जाळीवर लेझर करतात. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइट' या मोठ्या चाचणीत असा लेझर आधी केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण तीन वर्षं थेंबांशिवाय राहिले. ती चाचणी डायलिसिसच्या रुग्णांवरची नव्हती, पण ज्यांना निम्मे थेंब सोसत नाहीत त्यांनी हा पर्याय विचारायलाच हवा. शस्त्रक्रिया ठरली तर तीन गोष्टी आधी पक्क्या करा: ती शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ताजं पोटॅशियम तपासून, आणि पुढच्या सत्रात हेपारिन द्यायचं की नाही याची लेखी सूचना घेऊन. हेपारिन रक्त पातळ ठेवतं, नुकत्याच शिवलेल्या डोळ्यात रक्तस्राव नको.

एक विरळा प्रकार लक्षात असू द्या. फिस्टुला ज्या हाताला आहे त्याच बाजूचा चेहरा सुजतो, डोळा लाल राहतो आणि त्याच डोळ्याचा दाब चढतो, विशेषतः पूर्वी मानेत किंवा छातीत कॅथेटर घातलेला असेल तर. छातीतली मोठी शीर अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. इथे थेंब बदलत बसण्यात अर्थ नाही, शीर तपासावी लागते.

किडनी बदलली म्हणून डोळ्यांची फाइल बंद करू नका. प्रत्यारोपणानंतरच्या स्टेरॉइडने दाब वाढतो, मोतीबिंदूही लवकर होतो.

पैसे, कागद आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत. डोळ्याची कोणती प्रक्रिया यादीत आहे हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. केंद्राचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीत प्रवास सवलत आहे, लागणारा दाखला आणि अंतराची अट आगारात विचारून घ्या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६मधल्या २१ प्रकारांत डायलिसिस नाही, पण अंधत्व आणि अल्पदृष्टी आहे. काचबिंदूने नजर किंवा नजरेचा घेर बराच गेला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

तुमच्या नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. २००२च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी त्या द्यायला हव्यात. त्यात डायलिसिसच्या प्रत्येक सत्राचा तक्ताही येतो. 'फाइल बाहेर देत नाही' असं कुणी म्हटलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

गावाला लग्नकार्यासाठी जाऊन तिथल्या केंद्रावर एखादं सत्र करणार असाल, तर तुमचं बदललेलं प्रिस्क्रिप्शन तिथे कुणाला ठाऊक नसतं. रक्ताचा वेग, तास, सोडियम, ड्राय वेट, थेंबांची नावं आणि 'डायमॉक्स, मॅनिटॉल विचारल्याशिवाय नको' एवढं एका कागदावर डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह लिहून घ्या. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि सोबत येणाऱ्याच्या मोबाइलमध्येही ठेवा.